हा आकडा आला कुठून?

सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या पेपरला मेट्रिक्सवरचा प्रश्न हमखास येतो. आपण सगळे तो पाठ करून जातो. कोकोमोची सूत्रं, फंक्शन पॉइंट, सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी... आकडे प्रश्नातच दिलेले असतात, ते सूत्रात टाकायचे, उत्तराखाली दोन रेघा मारायच्या, झालं! पण ते दिलेले आकडे कुठून आले, हे पेपरात कोणी विचारत नाही. आम्हाला ते विचारलं आमच्या मेसच्या मावशींनी. म्हणून हा लेख.

आधी घडलेली गोष्ट सांगते.

टीईच्या मिनी प्रोजेक्टसाठी आम्ही चौघींनी मेसचे खाडे नोंदवायचं सॉफ्टवेअर घेतलं होतं. डे-स्कॉलर मंडळींसाठी खुलासा : ज्या दिवशी मेसमध्ये जेवायचं नाही, त्या दिवसाचा खाडा सकाळी नऊच्या आत सांगायचा. तेवढी ताटं कमी होतात आणि महिन्याच्या बिलातून पैसे वजा होतात. हे सगळं मावशी एका जाड रजिस्टरमध्ये लिहीत असत. आम्ही ते कॉम्प्युटरवर आणलं.

रिपोर्टमध्ये 'सॉफ्टवेअर मेट्रिक्स' हे प्रकरण असावंच लागतं. सबमिशनच्या आदल्या रात्री नाइट मारून आम्ही ते लिहून काढलं. दहा आठवड्यांत कोणी किती तास काम केलं याचा तक्ता, सापडलेल्या ४० बगची यादी, एक रंगीत पाय चार्ट आणि शेवटी ठळक अक्षरांत एक ओळ – 'शिल्लक गंभीर बग : ०'.

ती ओळ वाचून रेक्टर मॅडमनी पहिल्या तारखेपासून रजिस्टर बंद केलं.

पहिल्याच शनिवारी १८ ताटं जास्तीची शिजली. आणि रविवारी, फीस्टच्या दिवशी, १८ ताटं कमी पडली! दोन्ही दिवस बोलणी खाल्ली ती मावशींनी. वाया गेलेल्या अन्नाचे पैसे पगारातून कापीन, असं कंत्राटदार त्यांना म्हणाला. संध्याकाळी त्या आमच्या खोलीवर आल्या. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पोरींनो, तुमच्या कागदावर शून्य लिहिलंय म्हणे. ते मोजलं कोणी?"

रात्री आम्ही यादी काढून बसलो. चूक यादीतच होती. ३१ नंबरची नोंद – 'रात्री बारानंतर टाकलेला खाडा दुसऱ्या दिवशी धरला जातो'. शनिवारचा खाडा मुलींनी शुक्रवारी झोपताना, म्हणजे घड्याळाच्या हिशेबाने शनिवार सुरू झाल्यावर टाकला होता आणि सॉफ्टवेअरने तो रविवारच्या खात्यात टाकला. होस्टेलवर बाराच्या आत झोपतं कोण? पण ज्या मैत्रिणीला हे सापडलं, तिने त्यापुढे 'बग' असं न लिहिता 'सुचवलेली सुधारणा' असं लिहिलं होतं. तिला वाटलं, बारानंतर कोणता दिवस धरायचा ते सावकाश ठरवू. म्हणजे कोणी खोटं बोललं नव्हतं. 'गंभीर बग' असा शिक्का असलेल्या शिल्लक नोंदी खरंच शून्य होत्या. मोजणी बरोबर होती, पण तिच्यातून मिळालेली माहिती चुकीची होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाईड सरांकडे गेलो. त्यांनी आमचं ते प्रकरण पुढे घेतलं आणि एकेका आकड्यावर बोट ठेवून विचारायला सुरुवात केली. त्यांचे प्रश्न आणि त्यानंतर आम्ही वाचलेलं थोडंफार, असं खाली मांडते आहे. प्रोजेक्ट करणाऱ्या प्रत्येकाला ते उपयोगी पडेल असं वाटतं.

पहिला प्रश्न : हा आकडा कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे?

सॉफ्टवेअरच्या मोजमापासाठी आयएसओ/आयईसी १५९३९ नावाचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याची पहिली आवृत्ती २००२ साली आली. त्यातला मूळ फंडा साधा आहे. मोजमापाची सुरुवात होते ती कोणाच्या तरी माहितीच्या गरजेपासून. मग त्या गरजेसाठी कोणते गुणधर्म मोजायचे ते ठरतं. थेट मोजलेलं ते मूळ माप (उदा. ओळी, तास, बग), त्यांच्यापासून गणित करून काढलेलं ते साधित माप (उदा. दर हजार ओळींमागे बग), आणि त्यावरून निर्णय घेता येईल असा जो अर्थ काढतो तो निर्देशक. मेरीलंड विद्यापीठाचे व्हिक्टर बॅसिली यांची 'उद्दिष्ट – प्रश्न – माप' ही पद्धतही याच वाटेने जाते. माप सगळ्यात शेवटी येतं.

आम्ही उलटं केलं. एक्सेल शीटमध्ये जे होतं ते मोजलं आणि मग त्याला भारदस्त नाव दिलं. रेक्टर मॅडमना हवं होतं ते 'रजिस्टर बंद केलं तर चालेल का?' याचं उत्तर. आमचा शून्य सांगत होता की 'या यादीत अमुक शिक्क्याच्या किती ओळी उरल्या?' दोन्ही प्रश्न वेगळे आहेत.

इथेच रिलायेबिलिटी आणि व्हॅलिडिटी यांतला फरक कळतो. भाजीवाल्याचा काटा प्रत्येक वेळी बरोबर ५० ग्रॅम कमी दाखवत असेल, तर तो रिलायेबल आहे, कितीही वेळा तोला, उत्तर तेच. पण खरं वजन तो सांगत नाही, म्हणून व्हॅलिड नाही. आमची यादी कोणीही पुन्हा मोजली असती तरी शून्यच आला असता.

दुसरा प्रश्न : व्याख्या लिहिलेली आहे का?

सरांनी विचारलं, "कोड किती ओळींचा?" आम्ही म्हटलं, ४,२००. "रिकाम्या ओळी धरून? कॉमेंट्स धरून?" आम्ही गप्प. पुन्हा मोजलं. रिकाम्या ओळी, कॉमेंट्स आणि जशीच्या तशी घेतलेली तयार लायब्ररी वजा केल्यावर उरल्या २,१००. बरोबर निम्म्या!

याने काय बिघडतं? बॅरी बोहम यांनी १९८१ साली ६३ प्रोजेक्टच्या माहितीवरून कोकोमो मॉडेल मांडलं, हे आपण सगळे शिकतो. त्यात 'ओळ' म्हणजे काय हे ठरवून दिलेलं आहे. कॉमेंट्स धरायच्या नाहीत, न बदलता वापरलेलं तयार सॉफ्टवेअर धरायचं नाही. ऑरगॅनिक प्रकारचं सूत्र आहे : श्रम = २.४ × (हजार ओळी) चा १.०५ वा घात. उत्तर मनुष्य-महिन्यांत येतं आणि एक मनुष्य-महिना म्हणजे १५२ तास. त्यात ४.२ टाकलं तर १०.८ मनुष्य-महिने येतात, २.१ टाकलं तर ५.२. सूत्र तेच, कोड तोच, माणसं तीच, पण साडेपाच मनुष्य-महिन्यांचा फरक पडला. मनुष्य-महिना १५२ तासांचा धरायचा की आपल्या सोयीने, हाही व्याख्येचाच प्रश्न. तेव्हा कोणत्याही आकड्यासोबत त्याची व्याख्या आणि एकक लिहिलेलं नसेल, तर दोन प्रोजेक्टची तुलना करण्यात अर्थ नाही.

तिसरा प्रश्न : नोंद केव्हा केली?

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त झोंबला. तासांचा तक्ता बघून सर म्हणाले, "गणपती विसर्जनाच्या आठवड्यातसुद्धा चौघींनी २०-२० तास काम केलंत? आणि परीक्षेच्या आठवड्यातही?" अर्थात नाही! आम्ही दहा आठवड्यांचे तास शेवटच्या रात्री आठवून आठवून भरले होते.

अशी आठवून केलेली नोंद ओळखायची एक सोपी चाचणी सरांनी दाखवली. आपल्या जनगणनेत वय विचारलं की अनेक जण ३०, ३५, ४० असं सांगतात. त्यामुळे ० आणि ५ ने संपणाऱ्या वयांची गर्दी होते आणि त्या गर्दीवरून लोकसंख्येचे अभ्यासक माहितीचा दर्जा पारखतात. तीच युक्ती इथे वापरायची. शेवटचा अंक ० ते ९ पैकी कोणताही येऊ शकतो, म्हणजे साधारण दर पाच आकड्यांत एक आकडा ० किंवा ५ ने संपायला हवा. आमच्या तक्त्यात चौघींचे दहा आठवड्यांचे मिळून ४० आकडे होते. त्यांत असे आकडे ८ च्या आसपास हवे होते. निघाले ३३! मोजलेले आकडे एवढे गोल नसतात.

हे फक्त विद्यार्थ्यांचं नाही. बॅसिली आणि डेव्हिड वाइस यांनी १९८४ साली एक पेपर लिहिला. सॉफ्टवेअरमध्ये बदल करणाऱ्यांनी बदल करतानाच फॉर्म भरायचा आणि फॉर्म आल्यावर लगेच त्या माणसाशी बोलून तो तपासायचा, अशी त्यांची पद्धत होती. त्यांचा निष्कर्ष असा की ही तपासणी केली नाही, तर जमा झालेली ५० टक्क्यांपर्यंत माहिती चुकीची असू शकते. आणि ही माहिती नासासारख्या संस्थेसाठी चाललेल्या कामांतली, मोजमाप गंभीरपणे करणाऱ्या लोकांची होती. मग एका रात्रीत भरलेल्या आमच्या तक्त्याचं काय सांगावं!

चौथा प्रश्न : शिक्का कोणी मारला आणि दुसऱ्याला तो पटतो का?

'बग', 'सुधारणा', 'गंभीर', 'किरकोळ' ही मापं नाहीत, ही माणसाने दिलेली मतं आहेत. मतं मोजता येतात, पण आधी ती जुळतात का हे बघावं लागतं.

आम्ही ते करून पाहिलं. दोघींनी एकमेकींना न दाखवता ४० नोंदी वाचल्या आणि प्रत्येकीपुढे 'बग' किंवा 'बग नाही' असं लिहिलं. दोघींचं 'बग' यावर एकमत २२ नोंदींत, 'बग नाही' यावर एकमत ८ नोंदींत. पहिलीने बग म्हटलं पण दुसरीने नाही अशा ६, आणि उलट अशा ४. म्हणजे ४० पैकी ३० वेळा एकमत, ७५ टक्के. आम्हाला वाटलं डिस्टिंक्शन मिळालं!

पण थांबा. काही वेळा मतं योगायोगानेही जुळतात. पहिलीने एकूण २८ नोंदींना बग म्हटलं होतं, म्हणजे ०.७०. दुसरीने २६ नोंदींना, म्हणजे ०.६५. दोघींनी डोळे मिटून याच प्रमाणात शिक्के मारले असते, तरी ०.७० × ०.६५ अधिक ०.३० × ०.३५, म्हणजे ०.५६ इतकं एकमत आपोआप झालं असतं. जेकब कोहेन यांनी १९६० साली यासाठी 'कप्पा' हे माप दिलं. प्रत्यक्ष एकमतातून योगायोगाचं एकमत वजा करायचं आणि १ मधून योगायोगाचं एकमत वजा करून त्याने भागायचं. (०.७५ – ०.५६) भागिले (१ – ०.५६) = ०.४३. पूर्ण एकमत असेल तर १ येतो, केवळ योगायोग असेल तर ०. लँडिस आणि कॉख यांच्या १९७७ सालच्या प्रचलित कोष्टकाप्रमाणे ०.४१ ते ०.६० म्हणजे मध्यम. आमचं डिस्टिंक्शन गेलं, जेमतेम सेकंड क्लास उरला.

मग मतभेदाच्या १० नोंदी घेऊन चौघी बसलो आणि व्याख्या लिहिली : ताटांचा किंवा बिलाचा आकडा ठरलेल्या नियमापेक्षा वेगळा येत असेल, तर तो गंभीर बग. एवढं एक वाक्य लिहिल्यावर १० पैकी ९ नोंदींचा वाद मिटला. ३१ नंबर कोणत्या खान्यात जातो, याबद्दल तर कोणालाच शंका उरली नाही. हे वाक्य आम्ही पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर...

मोठ्या प्रोजेक्टमध्येही हेच होतं. किम हर्झिग, साशा जुस्ट आणि आंद्रेयास त्सेलर या तिघांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाच ओपन सोर्स प्रोजेक्टमधल्या ७,००० हून अधिक नोंदी हाताने तपासल्या. 'बग' म्हणून नोंदलेल्यांपैकी ३३.८ टक्के नोंदी प्रत्यक्षात बग नव्हत्याच. कोणी नवीन सोय मागितली होती, कोणी कागदपत्रांतली दुरुस्ती सांगितली होती. त्यामुळे ज्या फाइल्सवर सदोष असा शिक्का बसला होता, त्यांपैकी ३९ टक्के फाइल्समध्ये कधी बग नव्हताच. त्यांच्याकडे बग नसलेल्याला बग म्हटलं गेलं, आमच्याकडे बगला सुधारणा. पण अशा नोंदींवरून 'कोणत्या फाइलमध्ये बग निघेल' असं भाकीत करणारे प्रोग्रॅम तयार होतात, तेव्हा चुकीचा शिक्काही त्यांच्या शिकवणीत जातो, हे बीईला मशीन लर्निंगचे प्रोजेक्ट घेणाऱ्यांनी जरूर लक्षात ठेवावं.

पाचवा प्रश्न : काय नोंदलंच गेलं नाही?

आमच्या चाचणीच्या सहा आठवड्यांत सापडलेले बग असे होते – ८, ११, ७, ०, ०, १४. आलेख काढला होता आणि खाली लिहिलं होतं, 'चौथ्या व पाचव्या आठवड्यात प्रणालीस स्थैर्य प्राप्त झाले'. वास्तविक ते परीक्षेचे आठवडे होते आणि आमच्यापैकी कोणी कॉम्प्युटर उघडलासुद्धा नव्हता! शून्य आणि रिकामी जागा यांत फरक आहे. शून्य म्हणजे शोधलं, सापडलं नाही. रिकामी जागा म्हणजे शोधलंच नाही. म्हणून बगच्या आकड्याशेजारी चाचणी किती तास झाली, हा आकडा नसेल तर पहिल्या आकड्याला काही किंमत नाही.

सहावा प्रश्न : या आकड्यावर कोणाचं काय अवलंबून आहे?

१९८२ साली अ‍ॅपलच्या लिसा या कॉम्प्युटरवर काम चालू होतं. प्रत्येकाने आठवड्यात किती ओळी लिहिल्या, याचा फॉर्म भरायचा असं मॅनेजर लोकांनी ठरवलं. बिल अ‍ॅटकिन्सन यांनी नेमका तेव्हाच क्विकड्रॉमधला एक भाग नव्याने लिहिला होता. तो सुमारे सहापट वेगवान झाला आणि कोड जवळजवळ २,००० ओळींनी कमी झाला. त्यांनी फॉर्मवर लिहिलं, उणे २,०००. थोड्याच दिवसांत त्यांना फॉर्म भरायला सांगणं बंद झालं.

चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञांनी १९७५ साली चलनधोरणाच्या संदर्भात हीच गोष्ट मांडली होती. नियंत्रणासाठी एखाद्या आकड्यावर दाब आला, की त्याचं जुनं नातं टिकत नाही. आमच्याकडे दाब कसला होता? टर्मवर्कच्या मार्कांचा. 'शिल्लक गंभीर बग : ०' हे चांगलं दिसतं, म्हणून ३१ नंबर 'सुधारणा' मध्ये आहे हे कळूनही आम्ही तिथे रेंगाळलो नाही. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं ते खरं.

आता शेवटचं. माहितीच्या दर्जासाठी आयएसओ/आयईसी २५०१२ हे २००८ सालचं मानक आहे. त्यात १५ गुण सांगितले आहेत. त्यांतले पाच माहितीच्या अंगचे – अचूकता, पूर्णता, सुसंगती, विश्वासार्हता आणि ताजेपणा. मी हे पाच मुद्दे कागदावर लिहिले आणि सहज म्हणून मावशींचं जुनं रजिस्टर घेऊन बसले. अचूकता : रोज शिल्लक ताटं मोजून त्या शेजारी खूण करत. पूर्णता : एकही तारीख सुटलेली नाही, आणि सुट्टीच्या दिवशी '०' नव्हे तर 'मेस बंद' असं लिहिलेलं. सुसंगती : खाडा म्हणजे काय, हे पहिल्या पानावर लिहिलेलं. विश्वासार्हता : प्रत्येक खाड्यापुढे मुलीची सही. ताजेपणा : सांगितल्याबरोबर, तिच्यासमोरच नोंद. मावशी सातवी शिकलेल्या आहेत. आमच्या रंगीत प्रकरणाला या पाचांपैकी एकातही पास होता आलं नसतं.

सरांना घेऊन आम्ही रेक्टर मॅडमकडे गेलो आणि चूक मावशींची नसून आमची आहे, हे लिहून दिलं. मावशींचे पैसे कापले गेले नाहीत. पुढे महिनाभर रजिस्टर आणि कॉम्प्युटर दोन्ही चालू ठेवले. रोज रात्री मावशी आकडा वाचत आणि आमच्यापैकी एक स्क्रीनवरचा आकडा सांगे. पहिल्या आठवड्यात पाच ठिकाणी फरक पडला, प्रत्येकाचं कारण शोधलं. शेवटच्या आठवड्यात एकही नाही. मग मावशींनी स्वतःच सांगितलं, "आता बंद करा रजिस्टर."

रिपोर्टमधली ती ठळक ओळ आम्ही बदलली. आता ती अशी आहे – 'शिल्लक ज्ञात गंभीर बग : ०. गंभीर बगची व्याख्या पान ३ वर. सर्व ४० नोंदी दोघींनी स्वतंत्रपणे तपासल्या. परीक्षेच्या दोन आठवड्यांत चाचणी झाली नाही. महिनाभर रजिस्टरशी रोज ताळा घेतला.' पूर्वीइतकी ती चकचकीत दिसत नाही. पण कोणी खोलीवर येऊन 'मोजलं कोणी?' म्हणून विचारलं, तर उत्तर देता येतं.

ज्युनियर्सना एवढंच सांगणं आहे की तासांची नोंद त्या त्या दिवशी करा, मग ती कितीही कमी असू दे. आणि विसर्जनाच्या आठवड्यात खरंच शून्य तास झाले असतील, तर शून्यच लिहा!